परदेशातून पिल्लू नागपुरात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतला मुक्काम संपवून परत येताना आम्ही साडेचार महिन्यांची बीगल जातीची कुत्री सोबत आणली. तिचं नाव चिमी. नागपूर स्टेशनवर उतरली त्या दिवसापासून ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, सगळे फोन करून तेच ते विचारतात. प्रत्येकाला घाईघाईत सांगताना काही ना काही राहून जातं आणि त्याची झळ शेवटी एका मुक्या जिवाला बसते. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते आहे.

परदेशातल्या ब्रीडरला, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याला, पैसे पाठवायचे आणि पिल्लू कार्गोनं मागवायचं, असं होतं का?

नाही. बहुतेक फोन या एकाच उत्तरावर संपतात. केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं, म्हणजे डीजीएफटीनं, २५ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचना काढून ब्रीडिंगसाठी किंवा इतर व्यापारासाठी परदेशातून कुत्री आणायला बंदी घातली. सवलत उरली ती तिघांना: पोलीस आणि संरक्षण दलं, संशोधन संस्था, आणि ज्यांच्या स्वतःच्या नावावर कुत्र्याचं पेट बुक, म्हणजे नोंदवही, व बाकीची कागदपत्रं आहेत असे पाळणारे. नागपुरात धरमपेठेत बसून फोटो पाहिला, आवडला, मागवला, हे यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही.

मग सामान्य माणसाला कधी आणता येतं?

सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमचं भारतात परतत असाल, तेव्हा. याला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स म्हणतात. अशा प्रवाशाला कुत्रा किंवा मांजर मिळून दोन प्राणी स्वतःच्या सामानासोबत आणता येतात. दोन वर्षं भरली नसतील तर डीजीएफटीचा परवाना लागतो, आणि हौसेसाठी तो मिळेल असं गृहीत धरून कुणी पिल्लाचा इसार देऊ नये. आधी परवाना, मग पिल्लू.

मावसभाऊ दुबईहून कायमचा परत येतोय. त्याच्या नावावर माझं पिल्लू आणलं तर?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणजे उत्तर त्यांना ठाऊक असतं. सवलत त्याच्या पाळीव प्राण्याला आहे, तुमच्या खरेदीला नाही. अशी 'सोय' करून देणारे एजंटही भेटतात. पण अधिकाऱ्याला शंका आली की अडकून पडतं ते पिल्लू. एजंट फोन उचलत नाही आणि चार महिन्यांचं लेकरू पिंजऱ्यात बसून राहतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, या वाटेला जाऊ नका.

इंटरनेटवर 'डिलिव्हरी ऑल इंडिया' म्हणणारे परदेशी ब्रीडर खरे असतात का?

माझ्या भाच्याचं सांगते. त्याला सायबेरियन हस्की हवा होता. निळ्या डोळ्यांच्या पिल्लाचे फोटो आले, अर्धे पैसे गेले. मग निरोप आला की वातानुकूलित क्रेटचं, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याचं, डिपॉझिट भरा, पिल्लू पोचल्यावर परत मिळेल. ते भरलं. मग विमा. मग विमानतळावर पिल्लू अडकलंय, दंड भरा, नाहीतर प्राणी छळाचा गुन्हा दाखल होईल. पोरगं रात्रभर रडलं, पैशासाठी नाही, ते पिल्लू उपाशी असेल म्हणून. पिल्लू कधी नव्हतंच.

व्हिडिओ कॉलवर पिल्लू आईजवळ दाखवायला सांगा आणि एखादी क्षणात करता येईल अशी गोष्ट करायला लावा, जसं आजची तारीख लिहिलेला कागद पिल्लाशेजारी धरणं. टाळाटाळ झाली तर तिथंच थांबा. आणि पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं.

चांगला ब्रीडर ओळखायचा कसा?

तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो त्यावरून. आमच्या ब्रीडर बाईंनी पहिल्या भेटीत पिल्लं दाखवलीच नाहीत. दिवसभर घरी कोण असतं, घरात पायऱ्या किती, नागपूरला मे महिन्यात तापमान किती जातं, हे विचारलं. मी ४५ म्हटल्यावर त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, सावली कुठून आणाल ते सांगा. दुसऱ्या भेटीत चिमीची आई पाहिली. आपणहून जवळ आली, हात हुंगला, पुन्हा जाऊन पिल्लांत पडली. आईचा स्वभाव पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. भेदरलेल्या आईची पिल्लं भेदरट निघण्याचा धोका असतो.

देशोदेशीचे कायदेही कामी येतात. जर्मनीत आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडता येत नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून पिल्लू थेट ब्रीडरकडूनच, त्याच्या आईसोबत दाखवून विकावं लागतं, मधला दुकानदार चालत नाही. वंशावळीचा कागद मागा, पण त्यावर भाळू नका. वंशावळ म्हणजे आजोबा-पणजोबांची नावं, तब्येतीची हमी नव्हे. त्याहून मोलाचे आई-बापाच्या तपासण्यांचे रिपोर्ट. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्डसारख्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. युरोपात एक्स-रे काढून त्याला ए ते ई अशी श्रेणी देतात, ए म्हणजे निर्दोष. दोन्ही पालकांची श्रेणी विचारा, डोळ्यांची तपासणी विचारा, जातीप्रमाणे डीएनए चाचण्या विचारा. जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

पिल्लू किती लहान आणता येईल?

आठ आठवड्यांचं, तळहातावर मावणारं पिल्लू विमानातून उतरेल हे चित्र मनातून काढून टाका. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर देतात आणि भारतात येण्यासाठी ती टोचून महिना उलटलेला लागतो, शिवाय लस वर्षाच्या आतली हवी. म्हणजे पिल्लू किमान चार महिन्यांचं होतं.

यातून एक गोष्ट निघते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माणसं, आवाज, वाहनं, इतर जनावरं यांची ओळख पिल्लाला होते ती मुख्यतः तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तो सगळा काळ परदेशात जाणार. म्हणून पिल्लू परतीच्या महिनाभर आधी नाही, निदान दोन-अडीच महिने आधी घरी आणा आणि त्या दिवसांत नागपूरची तयारी करून घ्या. आम्ही मोबाईलवर कुकरच्या शिट्ट्या, रिक्षांचे हॉर्न, ढोलताशा, फटाके लावायचो, आधी अगदी बारीक आवाजात, सोबत खाऊ. शिट्टी झाली की चिमी अजूनही माझ्या हाताकडे बघते.

कोणत्या महिन्यात आणावं?

दिवाळी आटोपली की जानेवारी संपेपर्यंत. पहिलं कारण ऊन. जमिनीवरचं तापमान फार असेल तर बऱ्याच विमान कंपन्या प्राणी घेतच नाहीत. दुसरं, अंगाला सवय लागायला तीन-चार महिने मिळतात. आमचा हिशेब उलटा मांडला होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रवास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी रेबीजची लस, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला जन्मलेलं पिल्लू. तशी वेत होणारी कुत्री शोधली आणि त्यासाठी चार महिने यादीत नाव लावून थांबलो. पावसाळ्यात आणू नका, गोचिडांचा सुळसुळाट असतो.

कोणकोणती कागदपत्रं लागतात?

पिल्लाच्या मानेपाशी मायक्रोचिप, १५ आकडी. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस, लेप्टो यांच्या लसींची नोंद. प्रवासाच्या आधीच्या सात दिवसांतलं, तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचं आरोग्य प्रमाणपत्र. नुसत्या खाजगी डॉक्टरांची सही पुरत नाही. तुमचा पासपोर्ट आणि दोन वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा. आणि भारताच्या एक्यूसीएसचं, म्हणजे प्राणी क्वारंटाइन खात्याचं, ना हरकत पत्र. यासाठी तिकीट पक्कं होताच अर्ज करा, आणि तिकिटाआधी खात्याचे त्या घडीचे नियम पुन्हा वाचा. एजंटच्या तोंडी यादीवर विसंबू नका.

आता आमची चूक ऐका. निघायला तीन दिवस होते. रात्री जेवणं झाल्यावर नवरा चिपचा आकडा पेट पासपोर्टमधून मोठ्यानं वाचत होता आणि मी आरोग्य प्रमाणपत्रावर बोट फिरवत होते. नऊ, सात, सहा... अकराव्या आकड्यावर माझं बोट थांबलं. तिथं तीन होता, इथं आठ. एका आकड्यानं ते प्रमाणपत्र दुसऱ्याच कुत्र्याचं ठरत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ऐंशी किलोमीटर जाऊन नवा कागद करून आणला. तुम्ही सगळे आकडे दोघांनी मिळून, मोठ्यानं, बोट ठेवून तपासा. आणि चिप स्कॅनरनं वाचूनही घ्या.

विमानात पिल्लू कसं असतं? झोपेचं औषध द्यावं का?

औषध देऊ नका. गुंगीत श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि तिथं बघायला कुणी नसतं. बहुतेक पिल्लं विमानाच्या पोटातल्या कप्प्यात असतात. प्राण्यांसाठी ठेवलेल्या कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनसारखाच असतो आणि तापमान राखलेलं असतं. क्रेट इतका मोठा हवा की पिल्लाला डोकं न टेकता उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता यावं. प्लॅस्टिकच्या खटक्यांपेक्षा धातूचे नट-बोल्ट बरे. पाण्याची वाटी दाराला अडकवून आदल्या रात्री त्यात पाणी गोठवा, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि वितळेल तसं चाटता येतं.

खरी तयारी मात्र क्रेटची सवय. आमच्याकडे क्रेट दोन महिने आधीपासून स्वयंपाकघरात उघडा पडलेला असायचा. चिमी दुपारची झोप त्यातच काढायची. आत आईच्या वासाची गोधडी होती, ब्रीडर बाईंनी दिलेली. धुवायची नाही असं बजावून.

शक्य तितकं थेट विमान घ्या. फ्रँकफर्टच्या विमानतळावर प्राण्यांसाठी वेगळं लाउंज आहे, पण प्रत्येक ठिकाणी तशी सोय नसते आणि बदलीच्या विमानतळावर क्रेट धावपट्टीशेजारी उन्हात राहण्याची भीती असते.

थेट नागपूरला उतरता येईल का?

नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमानं येतात, पण प्राणी क्वारंटाइन केंद्र नाही. ते असलेल्या विमानतळावरच उतरावं लागतं: मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता. आपल्याला मुंबई किंवा हैदराबाद सोयीचं. तिथं अधिकारी पिल्लू बघतात, चिप आणि कागद ताडून पाहतात. सगळं नीट असेल आणि पिल्लू निरोगी दिसलं तर सोडतात. शंका आली तर ठेवून घेऊ शकतात, परतही पाठवू शकतात. कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत उतरेल असं विमान निवडा. शनिवारी रात्री उतरलात तर भोगायचं पिल्लाला.

मुंबईहून नागपूर?

आम्ही विदर्भ एक्सप्रेसनं आलो. रेल्वेत कुत्रा सोबत बसवायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ती पेटी मला पिल्लासाठी मुळीच पटत नाही. कूपे मिळतो की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं, त्यामुळे आधी लेखी विनंती करा. पार्सल ऑफिसात वेळेआधी पोचून कुत्र्याचं वेगळं बुकिंग करा, लसीचे कागद हाताशी ठेवा. भुसावळला मध्यरात्री चिमीला फलाटावर उतरवलं, तर ती कितीतरी वेळ नुसती हवा हुंगत उभी राहिली.

विमानाच्या दगदगीनंतर मुंबईत एक रात्र विश्रांती द्याच. गाडीनं यायचं असेल तर जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला आहे, ७०१ किलोमीटर. दर दोन तासांनी थांबा, पट्टा गाडीचं दार उघडण्याआधी लावा.

नागपूरच्या उन्हात कोणती जात तग धरते?

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. म्हणून चपट्या नाकाची पिल्लं, पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, मी नागपूरकरांना स्पष्ट नको म्हणते. त्यांची नाकातली श्वासाची वाटच तोकडी, धापा तरी कशा टाकणार? अनेक विमान कंपन्याही याच कारणानं त्यांना नाकारतात. हस्की, सेंट बर्नार्ड, अलास्कन मालाम्यूट हे बर्फातले जीव. चोवीस तास एसी असला तरी वीज जाते, आणि शी-शूला बाहेर न्यावंच लागतं. त्यांच्या अंगावरचे दुहेरी केस भादरल्यानं थंडावा मिळत नाही, उलट ऊन थेट कातडीला लागतं.

आखूड केसांच्या, लांब नाकाच्या, मध्यम अंगाच्या जाती बऱ्या. पण त्यांनाही आपला उन्हाळा उन्हाळाच. चिमी मार्च ते जून सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच बाहेर पडते. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. घरात कुलर आहे, वाळ्याच्या ताट्या आहेत, पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ती या सगळ्यांना सोडून मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर पोट टेकून पडते. तिथं दिवसातून दोनदा ओलं फडकं फिरवायचं.

धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक, लाळ चिकट तारेसारखी, चाल लडखडती, ही ऊन लागल्याची खूण. सावलीत घ्या, साधं गार पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. बर्फ अंगावर चोळू नका, पाणी घशात ओतू नका.

आल्यावर डॉक्टरकडे कधी?

दोन-तीन दिवसांत. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, अवघड दुखण्यात आम्हाला त्याचा मोठा आधार वाटतो. परदेशातलं पिल्लू आपल्या गोचिडांना नवखं असतं. तपकिरी गोचीड चावल्यानं एर्लिकिया होतो, ताप येतो, भूक मरते, रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. वेळेत कळलं तर औषधानं बरं होतं. गोचिडाचं औषध पहिल्या भेटीतच ठरवून घ्या आणि रोज संध्याकाळी कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपा. रेबीजचा बूस्टर चुकवू नका. महापालिकेत कुत्र्याची नोंदणीही याच आठवड्यात उरकून टाका.

खायला काय?

पहिले दोन आठवडे तिकडचंच खाणं, सोबत आणलेलं. मग थोडं थोडं बदला. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. सावजीच्या रश्श्यातलं हाड प्रेमानं पुढं करणारे पाहुणे घरोघरी असतात, त्यांना हात जोडून थांबवा. त्यात कांदा-लसूण असतोच, आणि शिजलेलं हाड फुटून आतडं फाडतं. सोललेल्या संत्र्याची एखादी बिनबियांची फोड चालते.

गल्लीतली कुत्री चावतील का?

ती त्यांची गल्ली आहे, हे आधी मान्य करा. पहिला आठवडा आम्ही चिमीला कडेवर घेऊन फिरलो, त्यांनी लांबून वास घेतला. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यानं. फाटकापाशी बसणारी काळी कुत्री आता चिमीसोबत कोपऱ्यापर्यंत येते.

सोसायटी नाही म्हणू शकते?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी शेजाऱ्यांना आधीच भेटा. घाण उचलायची पिशवी खिशात ठेवा.

पुढे पिल्लं काढून खर्च भरून निघेल का?

परदेशातून आणलेल्या पाळीव कुत्रीला असं वापरायचं असेल तर आणूच नका. २०१६ ची बंदी नेमकी यासाठीच आहे, आणि इथंही २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडिंगला राज्य मंडळाकडे नोंदणी लागते.

मुळात एवढ्या दुरून आणायची गरज आहे का?

सासूबाईंनी स्टेशनवरच विचारलं होतं, "एवढ्या दुरून कायले आणली बाप्पा हिले?" आम्ही तिथं राहत होतो, ती आमच्या घरात वाढत होती, तिला सोडून येणं शक्य नव्हतं, हे आमचं उत्तर. तुम्ही नागपुरातच राहत असाल तर माझं उत्तर आहे, गरज नाही. आपल्या मराठवाड्याकडचा कारवान जातीचा कुत्रा याच उन्हात घडलेला आहे. गल्लीतल्या कुत्रीची पिल्लंही. आईचं दूध सुटलं की त्यातलं एक उचलून आणा, लस द्या, नाव ठेवा.

ब्रीडरशी पुढे संबंध ठेवावा का?

जरूर. आमच्या करारात लिहिलंय की चिमीला सांभाळणं अशक्य झालं तर आधी त्यांना कळवायचं. पहिल्या मे महिन्यात त्यांचा निरोप आला, फोटो पाठवा. मी मोरीजवळच्या ओल्या फरशीवर चारी पाय पसरून झोपलेल्या चिमीचा पाठवला. त्यांनी एवढंच विचारलं, सावली सापडली ना?